शालनचं दुकान आणि आप्पांची खुर्ची

दहावीला मी बीजगणिताचा अभ्यास एका टेबलावर केला आणि भूमितीचा दुसऱ्यावर. बीजगणिताचं टेबल शिसवी होतं, कुणा वकिलाच्या घरातून आलेलं. परीक्षा आठवड्यावर आली असताना मी शाळेतून घरी आले तर टेबल गायब. माझी वह्या-पुस्तकं सतरंजीवर नीट रचून ठेवलेली. आई म्हणाली, "मंगळवारी दुसरं येतंय, तवर खाली बस." मंगळवारी आलं त्याचा एक पाय आखूड होता. भूमिती त्यावर डुगडुगत झाली. गुण दोन्हींत सारखे पडले, हे आई अजून येईल त्याला सांगते. अभ्यासाला टेबल लागत नाही, हे तिनं त्या वर्षी स्वतःपुरतं सिद्ध करून टाकलं.

आमचं जुन्या फर्निचरचं दुकान शाहूपुरीत एका बोळात आहे. पुढं दुकान, मागं आमच्या दोन खोल्या, त्यांच्या मागं पत्र्याचं शेड. दुकान आईचं, म्हणजे शालनचं. शेड वडिलांचं, म्हणजे गणपतीआप्पांचं. आप्पा पॉलिशवाले. मधल्या दोन खोल्या कुणाच्या, हा प्रश्न लहानपणी मला फार छळायचा. कारण दुकानात जागा संपली की माल घरात यायचा, आणि घरात आलेला माल आम्ही वापरायचो. एका दिवाळीत आम्ही नक्षीच्या मच्छरदाणीच्या पलंगावर झोपलो, पुढच्या दिवाळीत दवाखान्यातल्या लोखंडी खाटांवर. मधल्या काळात जमिनीवर.

आईचा नियम एकच होता. घरातल्या वस्तूची कुणी किंमत विचारली तर सांगायची. "न्हाय म्हटलं की गिऱ्हाईक माघारी येत न्हाय," असं ती म्हणायची. किंमत सांगितली आणि समोरचा हो म्हणाला की शब्द गेला. मग त्या पलंगावर कुणी झोपलेलं असलं तरी त्याला उठवायचं. मी उठलेय.

या नियमाला एकच अपवाद होता, तो म्हणजे दुकानातलं गल्ल्याचं टेबल. आई मूळची आजऱ्याकडची. लग्न होऊन आली तेव्हा आप्पा रोजंदारीवर पॉलिश मारत होते. एकदा एका बंद पडलेल्या शाळेतलं सामान विकायला काढलं होतं, तिथं आप्पांचं काम चाललं होतं. आई त्यांचा डबा घेऊन गेली आणि येताना हातगाड्यावर सहा बाकं आणि मास्तरांचं एक उतरत्या झाकणाचं टेबल घेऊन आली. पैसे माहेरहून मिळालेले. बाकं चार दिवसांत विकली गेली. टेबलाच्या मागं ती स्वतः बसली, ती अजून बसलीय. ते टेबल कुणी मागितलं की ती म्हणते, "ते सोडून बोला."

आता माझा बघण्याचा कार्यक्रम. इचलकरंजीचं स्थळ होतं. त्या आठवड्यात आमच्या बाहेरच्या खोलीत कोरीव पाठीची एक सागवानी सेटी होती, म्हणून मला जरा हायसं वाटलं होतं. मी पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आले. मुलाची आई माझ्याकडं बघेल म्हणून मी मान खाली घातली. ती सेटीच्या हातावरून बोट फिरवत होती.

"ही केवढ्याला पडती वो?" तिनं विचारलं.

आई किंमत बोलून गेली. नंतर तिनं शपथ घेऊन सांगितलं की तोंडातून आपोआप निघालं. माझा त्यावर विश्वास आहे. पण पुढं अर्धा तास जी घासाघीस झाली ती आपोआप नव्हती. पोहे गार झाले. शेवटी मुलानं आणि त्याच्या मामानं दोन टोकांना धरून सेटी टेम्पोत चढवली, आणि जाताना मुलगा मला म्हणाला, "वाईच दार धरता काय?" मी दार धरलं. आठवड्यानं निरोप आला की मुलाला एवढ्यात करायचं नाही. सेटीबद्दल मात्र तक्रार नव्हती.

पुढं प्रसेनजीतच्या घरची मंडळी यायची ठरली तेव्हा मी हटून बसले आणि शेजारच्या मंडपवाल्याकडून प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणल्या. त्यांची किंमत कुणी विचारली नाही. लग्न जमलं. आमच्या फ्लॅटमध्ये मी पहिल्या पगारातून शोरूमचा कोरा करकरीत सोफा घेतला, निव्वळ सूड म्हणून. आई आली, बसली, खाली वाकून सोफ्याच्या पायावर बोटाच्या पेरानं टकटक केलं आणि म्हणाली, "भुसा हाय ह्यात." मग चहा प्याली. मी शाळेत गणित शिकवते, रोज साठ पोरांना गप्प बसवते, पण त्या टकटकीपुढं मी बिस्किटांची बशी सरकवली.

एवढं वाचून कुणाला वाटेल की बाई नुसती धंदेवाईक आहे. तसं नाही. विकताना ती कशी आहे ते मी सांगितलं. विकत घेताना ती वेगळीच असते.

दुकानाच्या पहिल्याच वर्षी धोंडुबाई नावाच्या एका म्हातारीकडून तिनं झोपाळा घेतला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला धोंडुबाई दुकानाच्या पायरीवर उभी. "वाईच बसू दे त्याच्यावर," म्हणाली. झोपाळा आदल्या संध्याकाळीच सांगलीला गेला होता. आईनं तिला आत बोलावलं, पाणी दिलं, दुसऱ्या एका खुर्चीवर बसवलं. धोंडुबाई थोडा वेळ बसली आणि काही न बोलता निघून गेली. आई म्हणते की शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तेव्हापासून तिनं चहा सुरू केला. कुणाच्याही घरातून वस्तू उचलण्याआधी मालकानं त्या वस्तूवर शेवटचं बसायचं. कपाट असेल तर त्याला टेकून उभं राहायचं. आणि कपभर चहा प्यायचा. चहा आई थर्मासमधून स्वतः नेते, म्हणजे त्या घरच्या बाईला उठायला लागू नये. मालक चहा पितो आणि आई त्याचा हात बघते. कप धरलेला नव्हे, रिकामा. रिकामा हात गप्प मांडीवर राहिला तर टेम्पोवाल्याला खूण करायची. हात लाकडावरून फिरायला लागला तर सौदा बंद. "सहा म्हैन्यांनी येतो," म्हणते आणि थर्मास उचलते.

जोतीराम मास्तर म्हणून एक चित्रकलेचे शिक्षक होते. त्यांचा मुलगा यशराज सातव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायला चालला होता आणि वडिलांचं चित्रांचं मोठं टेबल काढायचं होतं. किंमत ठरली, टेम्पो दारात आला. मास्तर टेबलाला टेकून चहा प्यायले आणि त्यांचा डावा हात टेबलावरच्या एका निळ्या डागावरून इकडून तिकडं जात राहिला. आई उठली.

"अवो मावशी, टेम्पो हुबा हाय की," यशराज म्हणाला.

"हुबा हाय तर रिकामा जाईल. त्याला काय हुतंय?"

सहा महिन्यांनी ती खरोखर सातव्या मजल्यावर गेली. टेबल तिथं होतं, आणि त्यावर यशराजची मुलगी पोट टेकून चित्रं काढत होती. आई घरी येऊन दोन दिवस धुसफुसत होती की चांगला माल हातचा गेला. पण ज्याला त्याला ती गोष्ट सांगायची, आणि सांगताना तिचा चेहरा सौदा झाल्यासारखाच असायचा.

तर अशी ही बाई, सगळ्या कोल्हापूरचे हात ओळखणारी. आता आप्पांचं सांगते.

आप्पा गडमुडशिंगीचे. बोलतात कमी. लाख आणि स्पिरिट लावून लावून त्यांची बोटं कायमची तांबूस झालीत. साबणानं तो रंग जात नाही. लाकूड दिसलं की त्यांचा हात त्यावर जातो. दुकानातला माल असो, लग्नातला मंडपाचा खांब असो, एसटीतलं बाक असो. हातानं ते बघतात कुठं खडबड राहिलीय, कुठं जुनं पॉलिश सोलतंय. माझ्या लग्नात त्यांनी स्टेजवरच्या खुर्चीचा हात इतका वेळ चाचपला की प्रसेनजीतला वाटलं, सासरे घाबरलेत.

आणि ते खुर्चीच्या टोकावर बसतात. मला आठवतं तेव्हापासून मी त्यांना कुठल्याही खुर्चीत पाठ टेकून बसलेलं पाहिलं नव्हतं. दोन्ही पाय जमिनीवर, चपला घातलेल्या, कुणी म्हणालं तर लगेच उठता येईल असे. लहानपणी मी विचारायची तर म्हणायचे, "पॉलिश खराब हुतं, पोरी." ते खरंही होतं. घरातली प्रत्येक खुर्ची उद्या दुसऱ्याची होणार होती. पण त्यांचे वडील, माझे आजोबा, आयुष्यभर लोकांच्या दारात उकिडवे बसले. त्यांच्या काळात त्यांना खुर्ची कुणी पुढं केली नाही. पोलिसपाटलाच्या घरी असो की सोसायटीच्या हापिसात, खाली बसायचं. आप्पा त्यांचं बोट धरून शेजारी बसायचे. पुढं आप्पांनी हजारो खुर्च्या चमकवल्या आणि त्यांच्या टोकावर बसले. आजोबांपेक्षा तेवढे वर सरकले, असं म्हणता येईल. मला याचा राग येतो, आणि कुणावर काढायचा ते कळत नाही.

दोन वर्षांपूर्वी ताराबाई पार्कातला एक बंगला पाडला, तिथून आईनं तीन कपाटं घेतली. कंत्राटदारानं त्यांच्याबरोबर राडारोड्यातली एक आरामखुर्ची फुकट टाकून दिली. जुन्या पद्धतीची, लांब हातांची, जिच्या हातांवर पाय पसरून पडता येतं अशी. मागचा पाय मोडलेला, वेत पार फाटलेला, एक हात नव्हताच. आई म्हणाली, "जळणाला चालंल." आप्पांनी ती उचलून शेडात नेली.

आठ महिने ते तिच्यावर काम करत होते. धंद्याचं काम झालं की तासभर. एका जुन्या चौकटीचं शिसव मिळालं, त्यातून त्यांनी हात कोरला. वेत विणणारा माणूस बोळाच्या तोंडाशीच बसतो, पण त्याच्याकडं नेलं नाही. स्वतः शिकून विणला, दोनदा उसवला. आईचं तिकडं लक्ष नव्हतं. संध्याकाळी सहा ते आठ ही तिची गिऱ्हाइकांची वेळ. ती पुढं गल्ल्यावर असते.

एका रविवारी संध्याकाळी मी माहेरी गेले होते. मागच्या दारानं शेडात डोकावले. आप्पा त्या खुर्चीत होते. पाठ पूर्ण टेकलेली, चपला खाली काढलेल्या, पाय लांब करून खुर्चीच्या दोन्ही हातांवर टाकलेले, डोळे मिटलेले. झोपले नव्हते. पायाचा अंगठा हलत होता. मी तशीच मागं फिरले आणि मोरीत जाऊन तोंड धुतलं, कारण मला रडू आलं होतं. साठीच्या माणसाला पाय पसरून बसलेलं बघून कुणी रडतं का? मी रडले.

मी हे आईला सांगितलं नाही. तिथंच चुकलं.

गेल्या वर्षी एका शुक्रवारी दुकानात संयोगिता नावाच्या बाई आल्या. आजऱ्याला त्यांची काजूची बाग, बागेत पाहुण्यांसाठी चार खोल्या बांधलेल्या. खोल्यांत सगळं जुन्या काळचं सामान हवं होतं. मोकळ्या स्वभावाची, हसरी बाई. आईचं माहेर तिकडचं, म्हणून दोघींचं लगेच जमलं. त्यांनी दोन पलंग घेतले, एक आरसा घेतला, गल्ल्याचं टेबलही मागितलं. "पावण्यांच्या स्वागताला काय शोभंल वो," म्हणाल्या.

"ते सोडून बोला," आई म्हणाली.

पाणी प्यायला म्हणून बाई आत आल्या आणि मागच्या दारातून त्यांना शेड दिसलं. "आणि ती खुर्ची?"

आईनं किंमत सांगितली. बाई हो म्हणाल्या. आप्पा त्या वेळी एका गिऱ्हाइकाच्या घरी दारांना पॉलिश मारत होते. ते आल्यावर आई म्हणाली, "आजऱ्याच्या बाईंनी तुमची ती शेडातली पण घेतली. पुढच्या रविवारी गाडी येतीया. वाईच हात मारून ठेवा."

"बरं," आप्पा म्हणाले.

तुमची ती, असं तीच म्हणाली होती. तरी तिला कळलं नाही.

मला बुधवारी समजलं. शाळेतून येताना सहज गेले तर आप्पा शेडात जमिनीवर बसलेले. खुर्ची उलटी केलेली, आणि ते बैठकीच्या खालच्या पट्टीला पॉलिश लावत होते. ही पट्टी कुणाला कधी दिसत नाही. अर्ध्या दिवसाचं काम, आणि त्यांना पाचवा दिवस लागला होता.

"हे काय चाललंय, आप्पा?"

"गिऱ्हाइकाची हाय. रविवारी जाणार."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणायचंय? तिनं शबुद दिलाय." फडकं स्पिरिटात बुडवून त्यांनी पिळलं. "लाकूड हाय पोरी. लाकडाला काय धरून बसायचं?"

मी तडक दुकानात गेले. आईसमोर एक जोडपं कपाट बघत होतं. ते जाईपर्यंत मी कशीबशी थांबले आणि मग तोफ डागली. तू जगाचे हात बघतेस, घरातल्या माणसाचा बघितलास का? त्या मास्तरांचं टेबल सोडलंस आणि आप्पांची खुर्ची विकलीस? आठ महिने खपले ते तिच्यावर.

आई शांतपणे म्हणाली, "शिवे, वरडू नगं. खपले म्हंजे काय, त्यांचं कामच हाय ते. त्या शिसवी पलंगावर वर्षभर खपलेत."

"त्यांचा हात बघ तू एकदा."

"हात? अगं, त्यांचा हात तर सगळ्यालाच लागतोय. चौकात रसवंतीच्या बाकड्याला लागतोय. त्यावरनं मी काय वळखू?"

तिचं बरोबर होतं. ज्या खुणेवर तिचा तीस वर्षांचा धंदा चालला, ती खूण या एका माणसाच्या बाबतीत कामाची नव्हती. त्यांचा हात सगळ्याच लाकडावर फिरायचा. बाजारभर माणसं वाचणाऱ्या बाईला नेमका नवराच वाचता येत नव्हता.

"मग चहाला तरी बसव त्यांना," मी म्हणाले. "ती खुर्ची फुकट आली, तिच्यावर चहा झालेलाच नाही. जाताना तरी होऊ दे."

आईनं क्षणभर विचार केला. "बसवतो की," म्हणाली. "पण शबुद गेलाय, ध्यानात ठेव."

रविवारी सकाळी दहाला संयोगिताबाई स्वतः पिकअप घेऊन आल्या. पलंग चढले, आरसा गोधडीत गुंडाळून चढला. खुर्ची आप्पांनी आणि ड्रायव्हरनं उचलून दुकानात, गल्ल्याच्या समोर आणून ठेवली. ती इतकी सुरेख दिसत होती की बोळातून जाणारा एक माणूस सायकल थांबवून बघत उभा राहिला. आईनं थर्मास काढला.

"बसा," ती आप्पांना म्हणाली.

"मी कशाला?"

"मालक बसल्याबिगर वस्तू जात न्हाय. आपली रीतच हाय ती."

आप्पा बसले. टोकावर, चपला घालून, पाय जमिनीवर. बाईंच्या समोर ते आणखी पुढं सरकून बसले. आईनं कपबशी दिली आणि त्यांचा रिकामा हात बघू लागली. हात खुर्चीच्या हातावरून फिरत होता, जिथं जुनं लाकूड संपून त्यांनी कोरलेलं सुरू होतं तिथं. आईनं माझ्याकडं बघून खांदे उडवले. बघ, सगळ्यालाच लागतोय.

आप्पांनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली, घोट घेतला. दुसरा घेतला. संध्याकाळी शेडात याच खुर्चीत चहा प्यायची सवय असावी. तिसऱ्या घोटाला त्यांनी पायातल्या चपला एकेक करून काढल्या आणि हळूच मागं सरकले. पाठ वेताला टेकली. वेत जरासा करकरला. त्यांनी डोळे मिटले.

आईच्या हातातलं थर्मासचं झाकण तसंच राहिलं. पस्तीस वर्षं तिनं या माणसाला खुर्चीच्या टोकावर बसलेलं बघितलं होतं. सुरुवातीला ती चिडायची, "नीट बसा की, पडाल," म्हणायची, मग तिनं नाद सोडला होता. आता तिचं तोंड बघण्यासारखं झालं. आप्पांना लगेच भान आलं, ते दचकून सरळ झाले, चपला शोधू लागले.

"झाला चहा," ते म्हणाले. "चढवा."

ड्रायव्हर पुढं झाला. मी आईकडं बघितलं, तिनं ड्रायव्हरला 'चढव' अशी मान हलवली. खुर्ची गाडीत चढली. मला वाटलं, संपलं. एवढा राग मला तिचा कधी आला नव्हता. सेटीच्या वेळीसुद्धा नाही.

गाडीचं मागचं फळकूट लागलं तशी आई पायरी उतरून खाली गेली.

"बाई," ती म्हणाली, "माझा शबुद झाला का पुरा?"

"झाला की. का वो?"

"मग आता खुर्ची तुमची. मी जुनं फर्निचर घेतो. ती इकता का?"

संयोगिताबाई हसायला लागल्या. मग आईचा चेहरा बघून थांबल्या. आईनं ड्रायव्हरला खुर्ची पुन्हा खाली घ्यायला लावली, तो बिचारा काहीतरी पुटपुटला. भर बोळात खुर्ची ठेवली, थर्मासमधून चहा ओतला आणि बाईंना म्हणाली, "बसा. मालक बसल्याबिगर मी घेत न्हाय." आणि खरंच त्यांच्या हाताकडं बघत उभी राहिली. सगळं रीतीप्रमाणं. बाईंचा रिकामा हात पदराचं टोक चाळवत होता. लाकडाकडं गेलाच नाही.

"न्हाय तुमचा जीव ह्यात," आई म्हणाली. "बदल्यात काय देऊ, बोला."

बाईंनी दुकानात बघितलं, मग गल्ल्याकडं बघितलं, मग पुन्हा आईकडं. मागावं की नाही, हे त्यांना समजेना. आईच म्हणाली, "घ्या ते. स्वागताला शोभंल."

आप्पा इतका वेळ पायरीवर उभे होते. ते पुढं आले. "अगं शालन, शाळेतलं टेबल हाय ते. खुळी का काय तू? लाकडासाठनं टेबल देतीस व्हय?"

"टेबल तरी काय हाय? लाकूडच हाय न्हवं," आई म्हणाली. आणि मग जरा खाली आवाजात, "मी हातच बघत बसलो. पाठ बघायची हुती."

टेबलाचे खण रिकामे करायला आम्हाला तासभर लागला. जाताना चहा झाला. आई टेबलामागं बसून प्याली, आणि तिच्या रिकाम्या हातात तिनं मुद्दाम थर्मास धरून ठेवला होता. मी ते बघितलं. संयोगिताबाईंनीही बघितलं असावं. त्या म्हणाल्या, "आक्का, माहेराला याल तवा ह्याच्यामागं येऊन बसा. पावण्यांची नावं तुमीच लिवा." आई दर दोन महिन्यांनी आता आजऱ्याला जाते. तिथं बसून तिनं दोन पलंग आणि एक कपाट खपवलंय.

दुकानात गल्ला सध्या एका शिलाई मशीनच्या टेबलावर आहे. ते विकाऊ आहे.

गेल्या महिन्यात मी गेले होते तेव्हा पुण्याचे एक गृहस्थ आले होते. आरामखुर्ची आता बाहेरच्या खोलीत असते, खिडकीपाशी. आप्पा तिच्यात पाय पसरून वर्तमानपत्र वाचत होते. पाहुण्यांनी दारातून बघितलं आणि ओळीनं सगळ्या वस्तूंकडं बोट दाखवत विचारू लागले. हा दिवाण? आईनं किंमत सांगितली. तो आरसा? सांगितली. आणि ती खुर्ची?

आईचं तोंड उघडलं. सवय ती सवय. मी पुढं होणार, तेवढ्यात वर्तमानपत्रामागून आवाज आला. गिऱ्हाइकासमोर आप्पा कधी बोलत नाहीत, त्यामुळं आधी मला कळलंच नाही कोण बोललं.

"न्हाय पावणं," ते म्हणाले. "ती माझी हाय."

पाठ त्यांनी उचलली नाही. पान उलटलं. आई पाहुण्यांना म्हणाली, "दिवाण बघा की, त्याचं लाकूड झकास हाय."